चिखल्यांचे औषध घरात आहे, पण कोणते?

मृगाचा पाऊस स्थिरावला, तरवा हाताशी आला, की कोकणात भाताची लावणी सुरू होते. वृत्तपत्रांत त्या दिवसांत एक ठरावीक छायाचित्र हमखास झळकते. डोक्यावर इरले किंवा हल्ली प्लास्टिकची खोळ, पाठीवर पाऊस आणि ओळीने वाकलेल्या स्त्रिया. छायाचित्र देखणे असते. त्यात पाय मात्र दिसत नाहीत, कारण ते चिखलात असतात. आठ-दहा दिवसांनी ते पाय कोणी पाहिले, तर करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाच्या बेचक्यात पांढरीफटक, भिजून फुगलेली कातडी दिसेल. ती सोलली की खाली लालभडक मांस, खाज, आग, वास आणि पाऊल टेकवताना जिवाच्या आकांताने आवळलेले ओठ. यालाच महाराष्ट्रात चिखल्या म्हणतात.

चिखल्या हा आजार आहे, असे कोणी मानत नाही. पाऊस आला म्हणजे चिखल्या यायच्याच, अशी समजूत आहे. त्यासाठी कामाचा खाडा होत नाही, दवाखान्याची पायरी चढली जात नाही आणि म्हणून आरोग्य केंद्राच्या नोंदवहीतही त्या क्वचितच उमटतात. ज्या दुखण्याची नोंद नाही, त्याच्यासाठी योजना नसते. अशा वेळी उरते ते घरचे औषध. हळद, कडुनिंब, मेंदी, करंजेल, खोबरेल, भिरंडेल यांची नावे प्रत्येक घरात ठाऊक असतात. या औषधांविषयी समाजात दोन टोकांची मते आढळतात. एका पक्षाला ती सारी अडाणीपणाची वाटतात. दुसऱ्या पक्षाला त्यांच्याविषयी शंका घेणे म्हणजे परंपरेचा अधिक्षेप वाटतो. दोन्ही पक्षांनी त्या बेचक्यात नीट डोकावून पाहिलेले नाही, असेच म्हणावे लागते.

वस्तुतः परंपरेने या दुखण्याकडे अतिशय बारकाईने पाहिले होते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात क्षुद्ररोगांची गणना आहे. क्षुद्र म्हणजे तुच्छ नव्हे, तर विस्ताराने लहान. त्या यादीत ‘अलस’ नावाचा एक विकार येतो. बोटांमधली जागा ओलसर राहणे, तेथे खाज, दाह आणि वेदना असणे ही त्याची लक्षणे. आणि कारण कोणते, तर दूषित चिखलाचा स्पर्श. सूक्ष्मदर्शक यंत्र जन्माला येण्याच्या कितीतरी शतके आधी, केवळ निरीक्षणाच्या बळावर ओल, चिखल आणि बोटांची फट या तीन गोष्टी एकत्र बांधणारी ही नजर कोणालाही आदर वाटावा अशीच आहे. चिकित्सास्थानात त्यावर उपायही येतो. आधी कांजीने पाय धुवावेत आणि मग निंब, तीळ, हिराकस, हरताळ व सैंधव यांचा लेप द्यावा. आंबट द्रवाने पाय धुण्याची ही कल्पना मुळीच कालबाह्य नाही. बेचक्यांत जिवाणूंचा संसर्ग वाढला की त्वचारोगतज्ज्ञ आजही सौम्य ॲसेटिक आम्लाच्या पाण्यात पाय बुडवावयास सांगतात.

परंतु त्याच लेपात हरताळ आहे, हेही वाचले पाहिजे. हरताळ म्हणजे सोमलाचे गंधकाशी झालेले संयुग. ते शुद्ध करून, मात्रा जाणून वापरणे हे वैद्याचे काम आहे, स्वयंपाकघरातले नव्हे. ‘ग्रंथात आहे’ आणि ‘घरी करावे’ या दोन विधानांत केवढे अंतर असते, ते या एका शब्दावरून ध्यानी यावे. आजकाल आयुर्वेदाच्या नावाने जी पत्रके आणि संदेश फिरत असतात, त्यांच्या कर्त्यांना हे अंतर जाणवलेले दिसत नाही.

आता बेचक्यात नेमके काय घडते ते पाहू. माणसाच्या कातडीचा सर्वांत वरचा थर केराटिन नावाच्या कठीण प्रथिनाचा असतो. तो पाण्यात तासन्‌तास राहिला की पाणी शोषून फुगतो, मऊ पडतो आणि त्याची घट्ट वीण उसवते. पायाच्या शेवटच्या दोन बोटांमधली जागा सर्वांत अरुंद, तेथे वारा शिरत नाही, म्हणून सुरुवात बहुधा तेथूनच होते. केराटिनवर जगणाऱ्या काही बुरशी आहेत. गजकर्ण किंवा नायटा त्यांच्यामुळेच होतो. त्यांना अशी मऊ, उबदार, काळोखी जागा मिळाली की त्या वस्ती करतात. त्यांच्या मागोमाग यीस्ट येते, जिवाणू येतात. दुर्गंधी आणि हिरवट स्राव असेल तर जिवाणूंचा वाटा मोठा आहे असे समजावे. म्हणजे चिखल्या ही निव्वळ बुरशीची बाधा नाही. पाण्याने आधी दार मोडले आणि मग मिळेल तो चोर आत शिरला, असा हा प्रकार आहे. त्यामुळे चोराला मारण्याच्या औषधाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व दार कोरडे आणि शाबूत ठेवण्याला येते.

जुन्या घराचे शहाणपण नेमके येथे होते, आणि ते बाटलीत नव्हते. लावणीला जाताना पायांना करंजेल किंवा खोबरेल चोळण्याची रीत होती. हे तेल बुरशी मारते की नाही हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी कोरड्या कातडीवर तेलाचा थर बसला की पाणी आत मुरण्यास वेळ लागतो, एवढे उघड आहे. भिरंडेल, म्हणजे कोकमाच्या बियांचे घट्ट तेल, टाचांच्या भेगांत भरले जाई ते याच न्यायाने. आषाढात तळपायांना आणि बोटांना लावली जाणारी मेंदी केवळ शृंगार नव्हती. मेंदीतल्या रंगद्रव्याचा बुरशीवर परिणाम होतो, असे प्रयोगशाळेत दिसून आले आहे. तिच्यातल्या तुरट गुणाने कातडी थोडी राठ होते, हा तर अनुभवच आहे.

या सगळ्याहून मोठे औषध होते ते चुलीचे. संध्याकाळी शेतावरून परतलेली बाई पाय धुऊन चुलीपुढे बसे. भाकरी थापता थापता तासभर तरी तिच्या पायांना कोरडी ऊब मिळे. कोणी त्याला उपचार म्हटले नाही. पण दिवसभर भिजलेल्या बेचक्या रोज न चुकता कोरड्या करणारे याहून चांगले साधन नव्हते. पुढे घराघरांत गॅस आला. धुरापासून डोळे आणि फुफ्फुसे वाचली, ही मोठीच कमाई झाली आणि त्याविषयी कोणी हळहळण्याचे कारण नाही. मात्र उभ्याने स्वयंपाक करणाऱ्या त्या बाईचे पाय आता ओल्या फरशीवर असतात. चूल गेली तेव्हा तिच्याबरोबर एक औषधही गेले आणि त्याच्या जागी दुसरे काही ठेवावे, हे कोणाच्या मनातही आले नाही. परंपरेची चर्चा करताना पाल्याची आणि मुळीची नावे आठवतात. घराची ही घडी कोणाला आठवत नाही.

पाय धुण्याचे आपल्याकडे मोठे महत्त्व. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात पाऊल टाकावयाचे नाही, हा संस्कार आजही बऱ्याच घरांत टिकून आहे. तो चांगलाच आहे. मात्र पाय धुणे टिकले आणि पाय पुसणे मागे पडले, असे झाले आहे. पाय पुसावयाचे म्हणजे काय, तर दारातल्या पायपुसण्यावर दोनदा घासावयाचे. पावसाळ्यात ते पायपुसणे, मग ते गोणपाट असो की बाजारातली रंगीत मॅट, चार महिने वाळतच नाही. घरातली सहा माणसे त्याच ओल्या कापडावर पाय घासतात. बुरशीचे बीजाणू अशा ठिकाणी दीर्घकाळ तग धरतात. एका माणसाच्या चिखल्या संपूर्ण घराला वाटण्याची याहून सोयीची व्यवस्था शोधून सापडणार नाही. प्रत्येकाचे वेगळे सुती फडके, त्याने प्रत्येक बेचका उघडून पुसणे आणि ते फडके रोज धुऊन वाळवणे, पावसात ऊन नसेल तर कडक इस्त्री फिरवणे, हा उपाय फुकटात पडतो. त्याला पाला लागत नाही, मलम लागत नाही. कदाचित म्हणूनच त्याला कोणी औषध मानत नाही.

हे झाले प्रतिबंधाचे. एकदा बुरशीने ठाण मांडले, तर हळद आणि कडुनिंब तिला हटवू शकतात का? या प्रश्नाचे उत्तर देताना अभिमान आणि पुरावा यांची गल्लत होऊ नये. कडुनिंबाच्या तेलाच्या बुरशीनाशक गुणाचे पेटंट एका अमेरिकन कंपनीने व तेथील कृषी खात्याने युरोपात मिळवले होते. भारतातून त्याला आव्हान दिले गेले. २००० साली ते रद्द झाले आणि २००५ मध्ये त्यावरचे अपीलही फेटाळले गेले. त्याआधी १९९७ साली हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावरचे अमेरिकी पेटंट वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या कारकिर्दीत, रद्द करवून घेतले. हे दोन्ही विजय अभिमानास्पद होते. मात्र त्यांतून सिद्ध काय झाले? हे ज्ञान या भूमीत आधीपासून होते, हे सिद्ध झाले. त्या ज्ञानाने चिखल्या किती दिवसांत, किती जणांच्या आणि कोणत्या मात्रेने बऱ्या होतात, हे काही न्यायासनापुढे ठरत नसते. शिवाय कडुनिंबाचे ते पेटंट पिकांवरच्या बुरशीविषयी होते, पायांवरच्या नव्हे, ही गोष्ट भाषणांत बहुधा गळून पडते.

या कामी इतर देशांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियात टी ट्री नावाच्या झाडाचे तेल घराघरांत वापरले जाते. तेथील संशोधकांनी ते पायाच्या बुरशीवर रीतसर तपासले. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १० टक्के तेलाच्या मलमाने खाज आणि सालपटे कमी झाली, पण बुरशी हटली नाही, असे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. पुढे तीव्र द्रावण घेऊन पुन्हा चाचणी केली आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत ६४ टक्के रुग्णांची बुरशी गेल्याचे, तर नुसते द्रव लावलेल्यांत ते प्रमाण ३१ टक्के असल्याचे दिसले. व्हेनेझुएलात लसणापासून काढलेल्या अजोईन या द्रव्याची चाचणी तेथील सैनिकांच्या पायांवर झाली आणि ती यशस्वी ठरली. घरच्या औषधाचा सन्मान करण्याची ही खरी रीत. ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या चाचणीतला तो धडा तर फार मोलाचा आहे. खाज थांबणे आणि बुरशी जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हळदीने किंवा कडुनिंबाच्या काढ्याने आग शमते, दोन दिवस बरे वाटते, म्हणून औषध सोडले जाते आणि पंधरा दिवसांनी दुखणे परतते. दोष मग औषधाला किंवा नशिबाला दिला जातो.

लसणाचे उदाहरण देताना एक सावधगिरी अगत्याची आहे. अजोईनचे मलम म्हणजे लसणाची पाकळी नव्हे. कच्चा लसूण ठेचून बेचक्यात भरला तर कातडी भाजल्यासारखी होऊन फोड येतात. चुन्याचेही तसेच. कोणी रॉकेल चोळतो, कोणी फिनाईलच्या पाण्यात पाय बुडवतो. आधीच सोललेल्या कातडीवर हे प्रयोग म्हणजे आगीत तेल. आणि तेलावरून आठवले, कामाला जाण्यापूर्वी कोरड्या पायाला लावलेले तेल आणि परतल्यावर ओल्या बेचक्यात ओतलेले तेल यांचा परिणाम अगदी उलट असतो. पहिले पाण्याला बाहेर थोपवते, दुसरे पाण्याला आत कोंडते. तेल तेच, पण वेळ चुकली की औषधाचा अपाय होतो. आजीला हा भेद कळत असे. नातवंडांच्या हाती केवळ तेलाचे नाव आले.

मधुमेहाच्या रुग्णांच्या बाबतीत तर घरगुती उपचाराची भाषाच बदलली पाहिजे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. मधुमेह आता केवळ शहरातल्या सुखवस्तू माणसाचा राहिलेला नाही. बांधावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही तो गाठतो. जुन्या मधुमेहात पायांची संवेदना बधिर होते. असा माणूस चिखल्यांना शेक देण्यासाठी गरम पाण्यात पाय घालतो आणि पाय पोळला तरी त्याला कळत नाही. चिखल्यांची भेग त्याच्यासाठी जिवाणूंना उघडे दार ठरते. तेथून धावरे सुरू होते, पाय लाल होऊन सुजतो, ताप भरतो आणि योग्य वेळी उपचार झाले नाहीत तर बोट किंवा पाऊल कापण्याची वेळ येते. चिखल्यांनी कोणी मरत नाही, असे म्हणणाऱ्यांनी रुग्णालयाच्या शल्यविभागात एकदा चक्कर मारावी. मधुमेही माणसाच्या बेचक्यात भेग दिसली, तर त्या दिवशी त्याच्यासाठी एकच घरगुती उपाय आहे: पाय कोरडा करून त्याला दवाखान्यात नेणे.

भेगांच्या या उघड्या दारातून आणखीही काही शिरते. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदीर-घुशींच्या मूत्रातून पाण्यात आणि चिखलात येतात आणि माणसाच्या जखमेतून किंवा भिजून नरम पडलेल्या कातडीतून शरीरात जातात. २६ जुलै २००५ च्या महापुरानंतर मुंबईने या रोगाचा तडाखा अनुभवला. कोकणातल्या भातशेतकऱ्यांना तो पावसाळ्यात नेहमीच धाकात ठेवतो. पूर्व विदर्भात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या भाताच्याच जिल्ह्यांत, हत्तीरोगाचे जुने रुग्ण आहेत. सुजलेल्या पायाच्या बोटांत चिखल्या झाल्या की त्या वाटेने जिवाणू शिरतात, थंडी-ताप येतो आणि प्रत्येक झटक्यासरशी पायाची सूज वाढत जाते. म्हणून हत्तीरोगाच्या रुग्णाला सर्वांत आधी पाय धुण्यास आणि बोटांमधली जागा पुसून कोरडी ठेवण्यास शिकवले जाते. केरळातल्या कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाईड डर्मेटॉलॉजी या संस्थेने या रुग्णांसाठी आयुर्वेद, योग आणि आधुनिक वैद्यक यांची सांगड घातली आहे. तेथे वनस्पतींच्या फांटात पाय बुडवले जातात आणि बेचक्यांतल्या संसर्गावर आधुनिक औषधेही दिली जातात. कोणत्या पद्धतीचा विजय झाला याचा वाद तेथे घातला जात नाही. पायाचा घेर मोजला जातो.

इतके असूनही आजच्या घडीला घरगुती औषधांतले सर्वांत घातक औषध कोणते, असे विचारले, तर उत्तर लसूण नव्हे, चुना नव्हे आणि रॉकेलही नव्हे. ते आहे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली मलमाची ट्यूब. तिच्यात एक बुरशीनाशक, एक-दोन जिवाणूनाशके आणि त्यांच्या जोडीला तीव्र स्टिरॉईड असते. ती आता फडताळात आयोडेक्सच्या बाटलीशेजारी बसली आहे. खाज आली की लावा, पोराला, सुनेला, शेजारणीला द्या, असा तिचा वापर चालतो. म्हणजे खरे पाहता आजचे घरगुती औषध तीच आहे. स्टिरॉईडने दोन दिवसांत लाली उतरते, खाज थांबते आणि बुरशी मात्र आतल्या आत पसरते. कारण तिच्याशी लढणारी शरीराची यंत्रणाच त्या भागात गप्प केली जाते. डागाचे रूप इतके बदलते, की डॉक्टरलाही तो ओळखू येऊ नये. १९६८ मध्येच ब्रिटिश तज्ज्ञांनी या अवस्थेला ‘टिनिया इनकॉग्निटो’, म्हणजे वेश पालटलेला नायटा, असे नाव दिले होते. कातडी पातळ होते, तिच्यावर न जाणारे चरे उमटतात ते वेगळेच.

या बेबंदपणाचे फळ देशाला भोगावे लागत आहे. गेल्या काही वर्षांत भारतात अंगावरच्या नायट्याची अशी साथ पसरली, की जी पूर्वीच्या हमखास औषधांना दाद देत नाही. तिच्यामागे असलेल्या बुरशीला २०२० साली जपानी संशोधकांनी स्वतंत्र नाव दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. भारताचे नाव जगभरच्या प्रयोगशाळांत अशा रीतीने पोहोचावे, हे भूषण नव्हे. २०२३ मध्ये अमेरिकेतही तिचे रुग्ण नोंदवले गेले. ही बुरशी मुख्यतः अंगावर आणि जांघेत होते, पायांच्या बेचक्यांत तिच्या भावकीतल्या दुसऱ्या बुरशी असतात, हे खरे. पण ट्यूब एकच आणि सवयही एकच. शासनाने काही केले नाही असे नाही. मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉईडांची मलमे चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, अशी अधिसूचना निघाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली आणि तीत अशी काही मलमेही होती. तरीही कोणत्याही तालुक्याच्या गावी दुकानदाराला पाय दाखवला, तर काउंटरवर काय येते ते सर्वांना ठाऊक आहे. परदेशी पेटंटांविरुद्ध लढताना दिसलेला आवेश गल्लीतल्या या विक्रीविरुद्ध का दिसू नये?

योग्य औषध महाग नाही आणि दुर्मीळही नाही. क्लोट्रिमॅझोलसारखे साधे बुरशीनाशक मलम, ज्यात स्टिरॉईड नाही असे, दिवसातून दोनदा कोरड्या बेचक्यांत लावावे लागते आणि साधारण ४ आठवडे नेटाने चालू ठेवावे लागते. गोची आहे ती या नेटाची. चौथ्या दिवशी खाज थांबते आणि ट्यूब कोपऱ्यात जाते. दुर्गंधी, पू, वर चढणारी लाली किंवा ताप असेल, दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा नखे जाड आणि पिवळी होऊ लागली असतील, तर मात्र स्वतःच वैद्य होण्यात शहाणपण नाही.

पण लावणीच्या बाईने पाय कोरडे ठेवावयाचे म्हणजे केव्हा? व्हिएतनामच्या युद्धात मेकाँगच्या खोऱ्यातल्या भातखाचरांत अमेरिकन सैनिकांचे पाय असेच सडले, तेव्हा त्यांच्या ९ व्या इन्फंट्री डिव्हिजनने नियम केला, की ४८ तास चिखलात काढलेल्या तुकडीला २४ तास कोरड्या जागी काढू द्यावयाचे. अफाट साधनसामग्री असलेल्या सैन्याला अखेर सापडलेला उपाय हा होता: एक कोरडा दिवस. कोकणातल्या मजूर स्त्रीला लावणीचे पंधरा-वीस दिवस सलग चिखलात उभे राहावे लागते. खाडा केला तर मजुरी बुडते, आणि पाऊस हातचा गेला तर मालकाची लावणी. गावोगाव आपापसांत लावणीचा वार लावून घेतला जातो. त्या हिशेबात पाय सोललेल्या बाईला दोन दिवस चहा-न्याहारीचे, मुलांकडे पाहण्याचे, कोरड्यावरचे काम देणे अवघड नाही. त्यासाठी शासनाची अधिसूचना लागत नाही. चिखलच टाळणाऱ्या पद्धतीही आहेत. रायगड जिल्ह्यात नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेल्या सगुणा भात तंत्रात चिखलणी नाही आणि लावणीही नाही. कायमच्या गादीवाफ्यांवर भात टोकले जाते. त्याची चर्चा मजुरी, इंधन आणि जमिनीचा कस यांच्या अंगाने होते. बायकांच्या पायांचा हिशेबही त्यात मांडावयास हरकत नसावी.

आणखी एक गोष्ट थोडी नाजूक आहे, परंतु बोलली पाहिजे. जोडव्यांखाली पाणी आणि चिखल साचून राहतो. बोट सुजले की जोडवे रुतते आणि त्याखालची जखम दिसतही नाही. सौभाग्यालंकार उतरवणे अशुभ, या भीतीने कित्येक जणी ते दुखणे मुकाट्याने सोसतात. नवरा, सासू, घरातली वडीलधारी मंडळी यांनीच पुढे होऊन लावणीपुरती जोडवी काढून देवापुढे ठेवण्यास सांगितले, तर त्या बाईच्या मनावरचे ओझे उतरेल. हा अधिकार डॉक्टरच्या चिठ्ठीला नाही. तो घरातल्या थोरल्या बाईच्या शब्दाला आहे.

याच आषाढात आळंदी-देहूहून पंढरपूरकडे लाखो पाय चालत असतात. सुमारे २५० किलोमीटरच्या त्या वाटेवर वारकऱ्यांचे पाय चेपणारे, तेल लावणारे, वहाणा शिवून देणारे सेवेकरी ठिकठिकाणी बसलेले असतात. पायांची सेवा ही देवाची सेवा मानणारा दुसरा असा सोहळा विरळाच. त्या तंबूंत तेलाच्या बाटलीआधी कोरड्या सुती फडक्यांचा गठ्ठा असावा. पाय हाती घेतला की प्रथम बोटे उघडून पाहावीत, पुसावीत. बेचका सोललेला असेल तेथे तेल लावू नये, आणि मधुमेह आहे का, हे विचारून त्या वारकऱ्याला शेजारच्या वैद्यकीय पथकाकडे सोडून यावे. एका पायाला वापरलेले फडके दुसऱ्याला लावू नये. संध्याकाळी ती सारी फडकी मोठ्या पातेल्यात उकळून वाळत घालावीत.